पोरीच्या पदवीचं पासबुक

चिकलठाणा एमआयडीसीत पाळी सुटते तेव्हा कामगारांच्या गर्दीत हल्ली कॉलेजच्या पोरीही दिसतात. गटाच्या बैठकीत एका आजींनी विचारलं, "शिकायला घातलं का कामाला?" म्हणून आज हा विषय.

१९५८ साली आपल्या शहरात मराठवाडा विद्यापीठ आलं. त्याआधी आपल्याकडची कॉलेजं हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाला जोडलेली होती. १९९४ ला विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव मिळालं. कॉलेजात शिकायचं, परीक्षा द्यायची, पदवी घ्यायची, असा साधा हिशोब होता.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं तो बदलला. कारखान्यांना हातात काम असलेली मुलं हवीत, म्हणून पदवीतच कामाचं प्रशिक्षण आलं. परदेशात अभ्यास क्रेडिटमध्ये मोजतात, तेच माप आपणही घेतलं. क्रेडिट म्हणजे काय? आपल्या बचत गटाच्या पासबुकात हप्ते जमा होतात ना, तसंच. पोरीच्या नावानं क्रेडिटचं ऑनलाइन खातं असतं, त्याला बँकच म्हणतात. एक वर्ष झालं की प्रमाणपत्र, दोन झाली की पदविका, तीन वर्षांची पदवी, चारची ऑनर्स. पहिल्या दोन टप्प्यांवर थांबायचं तर कौशल्याचा थोडा जादा अभ्यास करावा लागतो.

आमच्या मते बायकांसाठी यातलं मोलाचं हेच. लग्न, बाळंतपण, घरचं आजारपण, काहीही होऊन शिक्षण सुटलं तरी झालेलं वाया जात नाही. पण तीन वर्षांच्या आत परत यायचं आणि सगळं मिळून सात वर्षांत पदवी पुरी करायची, ही अट आहे. "पदविका झाली, आता बस झालं" म्हणत पोरीला घरी बसवायला मात्र हे निमित्त होऊ नये. ती भीती आम्हाला आहे.

कामाच्या प्रशिक्षणाचंही तसंच. आमच्या गटातली एक पोर एका कंपनीत गेली आणि सगळे दिवस खोकी चिकटवत बसली. शिकवलं कुणीच नाही. तेव्हा आधीच विचारा: काम कोणतं, शिकवणार कोण, विद्यावेतन आहे का, सुटायची वेळ काय?

आणि फी. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं, घरचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या ओबीसी, मराठा म्हणजे एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिकवणी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. पण प्रवेश सरकारी फेरीतूनच हवा. मॅनेजमेंट कोट्याला आणि खाजगी विद्यापीठांना ही माफी नाही. शहरात आता खाजगी विद्यापीठही आहे, इमारती झकपक असतात, म्हणून पैसे भरण्याआधी "हे कॉलेज माफीत बसतं का?" एवढं विचाराच. उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढून ठेवा. जूनमध्ये सेतूवर रांग लागते.