फेरारी आणि टोयोटा : दोन दुर्मीळ मोटारी, मूल्याचे दोन हिशेब

न्यूयॉर्क येथे नोव्हेंबर २०२३ मध्ये झालेल्या लिलावात १९६२ सालची एक फेरारी २५० जीटीओ ५ कोटी १७ लाख डॉलरना, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे ४३० कोटी रुपयांना विकली गेली. त्याआधी २०१३ मध्ये अमेरिकेतील लिलावात जपानच्या टोयोटा २००० जीटीने ११ लाख ५५ हजार डॉलरची किंमत मिळवली, तेव्हा तीही मोठी बातमी ठरली होती. दोन्ही मोटारी साठच्या दशकातील आणि दोन्ही दुर्मीळ. मग एवढी तफावत कशामुळे?

केवळ संख्येने हे कोडे सुटत नाही. जीटीओ ३६ तयार झाल्या, तर टोयोटा ३५१. फरक दहापटीचा आहे. किमतीतील अंतर त्याहून कितीतरी मोठे.

खरे कारण या मोटारींच्या जन्मात आहे. जीटीओ या नावातील शेवटचे अक्षर शर्यतीसाठी अधिकृत मान्यता मिळाल्याचे द्योतक आहे. नियमानुसार अशा गटातील मोटारीच्या किमान १०० प्रती असणे अपेक्षित होते. ही नवी मोटार नसून आपल्या जुन्या २५० जीटीचीच सुधारित आवृत्ती आहे, अशी भूमिका फेरारीने घेतली आणि ती मान्यही झाली. ही पळवाटच म्हणावी लागेल. अभियंता जोत्तो बिझारिनी १९६१ मध्ये कंपनीतून बाहेर पडल्यावर अवघ्या २६ वर्षांच्या माउरो फोर्गिएरी यांनी काम पूर्ण केले. ॲल्युमिनियमचे बाह्य आवरण हातांनी ठोकून घडवले जाई. तीन लिटरचे बारा सिलिंडरचे इंजिन सुमारे ३०० अश्वशक्ती देई. मात्र चालकासमोर वेगमापकच नसे. शर्यतीत इंजिनाचे फेरे कळले की पुरे! त्यामुळे संग्राहक आजही पाहतो ते चासी क्रमांकामागील शर्यतींचा इतिहास. २०२३ मध्ये विकली गेलेली मोटार १९६२ मध्ये जर्मनीतील न्यूरबुर्गरिंगच्या एक हजार किलोमीटर शर्यतीत दुसरी आली होती.

टोयोटाचा हेतू निराळा होता. साधी, स्वस्त वाहने बनवणारा देश ही जपानची प्रतिमा तिला पुसायची होती. यामाहाच्या सहकार्याने तयार झालेली ही मोटार १९६५ च्या टोकियो प्रदर्शनात प्रथम दिसली आणि १९६७ ते १९७० या काळात तिचे उत्पादन झाले. इंजिन दोन लिटरचे, सहा सिलिंडरचे, १५० अश्वशक्तीचे. ऑक्टोबर १९६६ मध्ये यातबे येथील चाचणी मार्गावर ती ७८ तास अखंड धावली आणि ताशी सुमारे २०६ किलोमीटर सरासरी वेगाने तिने १० हजार मैल पूर्ण केले. वाद्यनिर्मितीत मुरलेल्या यामाहाने आतील लाकडी सजावट केली. तिची प्रतिष्ठा विजयचषकांपेक्षा या कसोटीवर आणि नेटक्या बांधणीवर उभी आहे.

शर्यतीचा वारसा मात्र येथेही भाव वाढवतो. अमेरिकेत कॅरोल शेल्बी यांच्या संघाने १९६८ मध्ये शर्यतीत उतरवलेली एक टोयोटा २०२२ मध्ये २५ लाख ३५ हजार डॉलरना गेली.

जतनाच्या वाटाही वेगळ्या आहेत. इटलीत बोलोन्या येथील न्यायालयाने २०१९ मध्ये जीटीओला कलाकृतीचा दर्जा दिला आणि तिच्या प्रतिकृती बनवण्यास मनाई केली. टोयोटाने २०२० मध्ये २००० जीटीच्या गिअरपेटीचे सुटे भाग पुन्हा तयार करून मालकांना विकण्यास प्रारंभ केला.