‘हवामान’ या शब्दाचे दोन अर्थ

‘हवामान बदलले’ हे वाक्य मराठीत दोन निरनिराळ्या प्रसंगी उच्चारले जाते. दुपारी ऊन असता सायंकाळी आभाळ भरून आले, की आपण ते म्हणतो. आणि २०११ ते २०२० या दशकात पृथ्वीचे सरासरी तापमान १८५०–१९०० च्या मानाने सुमारे १.१ अंश सेल्सिअसने अधिक होते, या घटनेसही तेच वाक्य लावतो. पुण्यात एखाद्या जानेवारीत कडाक्याची थंडी पडली, की ‘मग तापमानवाढ कोठे गेली?’ असा प्रश्न सुशिक्षितांच्या तोंडूनही ऐकू येतो. त्याचे मूळ काही अंशी या संदिग्धतेत आहे.

वस्तुतः शालेय भूगोलाने हा भेद केलेला आहे. एखाद्या स्थळी त्या त्या वेळी असणारी वातावरणाची स्थिती ती ‘हवा’, आणि दीर्घकालीन सरासरी स्थिती ते ‘हवामान’. शब्दाची घडणही यास अनुकूल आहे. अरबी ‘हवा’ व संस्कृत ‘मान’ यांच्या या संकरित समासाचे उत्तरपद मापनवाचक आहे. ‘पर्जन्यमान’ हा त्याचाच सोयरा. परंतु ‘उद्याचे हवामान’ सांगणाऱ्या वृत्तपत्रांनी व नभोवाणीने ही मर्यादा पुसून टाकली. शासनव्यवहारात आलेला ‘वातावरणीय बदल’ हा प्रयोग मला समाधानकारक वाटत नाही. सभेचेही वातावरण असते आणि घराचेही.

शास्त्रज्ञांनी हवामानाची कालमर्यादा तीस वर्षांची मानली आहे. १९३५ साली वॉर्सा येथील आंतरराष्ट्रीय परिषदेत १९०१–१९३० हा प्रमाणकाल ठरला. एखाददुसऱ्या वर्षाचे चढउतार, उदाहरणार्थ प्रशांत महासागरातील ‘एल निनो’मुळे होणारे, सरासरीत मुरून जावेत, हा त्यामागील हेतू.

नामात हरवलेला हा भेद मराठी क्रियापदाने मात्र जपला आहे, याकडे भाषाभ्यासकाने लक्ष द्यावयास हवे. ‘काल पाऊस पडला’ ही हवा; ‘मृगात पाऊस पडतो’ हे हवामान. दुसऱ्या वाक्यातील रीतिवर्तमान कोणत्याही एका पावसाविषयी बोलत नाही. एखादा मृग कोरडा गेला म्हणून ते असत्य ठरत नाही. ते असत्य केव्हा ठरेल? वक्त्यास ‘मृगात पाऊस पडे’ असा रीतिभूतकाळ योजणे भाग पडेल तेव्हा. हवामानबदलाची याहून नेमकी व्याकरणिक व्याख्या मला सुचत नाही.

हा प्रश्न केवळ व्याकरणाचा नाही. भारतीय हवामानशास्त्र विभागाने २०२० साली मोसमी पावसाच्या सर्वसाधारण तारखा सुधारल्या. जुन्या तारखा १९०१ ते १९४० च्या नोंदींवर आधारलेल्या होत्या. मुंबईस पावसाच्या आगमनाची तारीख १० जूनऐवजी ११ जून झाली, म्हणजे जवळजवळ तीच राहिली. परतीची मात्र २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबरवर गेली. हे नऊ दिवस हस्त नक्षत्रात पडतात, आणि कोकणात हळवे भात कापणीस येते ते याच सुमारास. या फरकात नव्या, अधिक विपुल नोंदींचाही वाटा असू शकतो, म्हणून तो सर्वस्वी तापमानवाढीच्या खाती मांडता येणार नाही. शेतकऱ्यास मात्र कापलेले भात खाचरात किती दिवस वाळत ठेवावे, याचा हिशेब त्यावरूनच करावा लागतो.

बोलींच्या नोंदी घेताना आपले विद्यार्थी नक्षत्रांच्या पावसाविषयीची वाक्ये नेहमीच टिपतात. त्या वाक्यांसमोर गाव, वर्ष आणि निवेदकाचे वय लिहावे, आणि त्याने ‘पडतो’ म्हटले की ‘पडे’ अथवा ‘पडायचा’, हे जसेच्या तसे ठेवावे. प्रमाणभाषेत उतरवताना हाच भेद सर्वांत आधी सपाट केला जातो. माणसाची आठवण तीस वर्षांची सरासरी काढीत नाही, हे खरे. तथापि त्याच तालुक्याचे पर्जन्यमापकाचे तक्ते शेजारी ठेवले, तर क्रियापदाचा काळ आणि पावसाचा काळ कोठे जुळतात व कोठे नाही, हे ताडून पाहता येईल.