कुत्र्याची लूत

कुत्र्याच्या अंगावरचे केस जाऊ लागले की आपल्याकडे एकच निदान होते, आणि ते करायला वैद्य लागत नाही. "लूत लागली," असे शेजारी म्हणतो. मुले कुत्र्याला हात लावीनाशी होतात, आणि दोन-चार दिवसांत कोणी तरी गॅरेजमधून जळक्या तेलाचा डबा आणून देतो. घरचे कुत्रे असेल तर त्याला अंगणात बांधतात. रस्त्यावरचे असेल तर दगड मारून आळीबाहेर काढतात. आता गंमत अशी की, लूत नावाचा एक रोगच नाही. केस गळणे हे लक्षण आहे, ताप हे लक्षण असते तसे. त्यामागे निदान पाच-सहा निरनिराळी कारणे असू शकतात, आणि एकावरचे औषध दुसऱ्याला चांगलेच बाधते. ही कारणे ओळखायची कशी, एवढेच आज सांगायचे आहे.

प्रथम, ज्याला रोग म्हणता येणार नाही ते बाजूला काढू. आपण वसंतात जमलो आहोत. थंड देशांतली कुत्रीही याच ऋतूत हिवाळ्याची लोकर टाकून देतात. दिवस लांबत चालल्याची खूण त्यांच्या शरीराला कळते. आपल्या घरांतून रात्री उशिरापर्यंत विजेचे दिवे असल्यामुळे लॅब्रॅडॉर किंवा अल्सेशियन बारा महिने थोडेथोडे केस गाळीत बसतो आणि घरातील बाई बारा महिने केरसुणी हातात घेऊन त्याच्या नावाने बोटे मोडीत बसते. यात ओळखण्याची खूण सोपी आहे. केस कितीही गळले तरी खालची कातडी उघडी पडत नसेल, तर ते साधे केस बदलणे आहे. कातडी दिसू लागली की मात्र चौकशी करावी. व्यालेल्या कुत्रीचे केस पिल्ले दूध पीत असताना पुष्कळ विरळ होतात. ते पुढे परत येतात. शहाबादी फरशीवर लोळणाऱ्या मोठ्या कुत्र्याच्या कोपरावर केस जाऊन घट्टा पडतो. त्याला औषध म्हणजे जाड गोधडी. आणखी एक प्रकार आपणच ओढवून घेतो. उन्हाळा आला म्हणून हौसेने पॉमेरेनियनचे सगळे केस भादरतात. त्या जातीत भादरलेले केस पुष्कळदा महिनोन् महिने परत उगवत नाहीत, कधी कधी तर पूर्वीसारखे येतच नाहीत. केसांचा तो दुहेरी थर उन्हापासूनही अंगाचे रक्षण करतो. विंचरणे पुरे, भादरू नये.

कातडी उघडी पडली असेल तर पहिला प्रश्न एकच विचारावा : कुत्रे खाजवते की नाही? या एका प्रश्नाने निम्मे काम होते.

खाजवत असेल, आणि तेही रात्रंदिवस, झोपेतून उठून, तर खरी खरूज मनात आणावी. हिचे मूळ म्हणजे आठ पायांचा, डोळ्यांना जेमतेम न दिसणारा एक कीटक. माणसाच्या खरजेला असाच कीटक कारण आहे, हे इटलीतील बोनोमो नावाच्या वैद्याने चेस्तोनी या औषधविक्याच्या साहाय्याने १६८७ मध्ये सूक्ष्मदर्शकातून पाहून लिहून ठेवले. तोपर्यंत खरूज रक्तातील दोषामुळे होते असे यूरोपातील मोठमोठे वैद्य सांगत. आपल्याकडे "रक्त बिघडले" असे अजूनही म्हणतातच. या कीटकाची मादी कातडीत बोगदा करून त्यात अंडी घालते. कानांच्या कडा, कोपरे, मागच्या पायांचे सांधे आणि पोट या विरळ केसांच्या जागा तिला आवडतात. घरी करून पाहण्याजोगी एक परीक्षा आहे : कुत्र्याच्या कानाची कड बोटांनी दुमडून चोळावी. त्याच बाजूचा मागचा पाय खाजवण्यासाठी हवेत हलू लागला, तर संशय बळावतो. पशुवैद्य कातडी खरवडून काचपट्टीवर पाहतात, पण हा कीटक त्यात पुष्कळदा सापडत नाही. म्हणून "तपासणीत काही निघाले नाही" एवढ्यावर समाधान मानू नये. वैद्य संशयावरूनही औषध देतात, आणि ते योग्यच आहे. ही खरूज एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे झपाट्याने जाते. माणसालाही हातावर, पोटावर पुरळ उठते. परंतु कुत्र्याच्या कीटकाचा संसार माणसाच्या अंगावर थाटत नाही, आणि कुत्रे बरे झाले की आपले पुरळही काही दिवसांत जाते.

केस शेपटीच्या बुडाशी आणि पाठीच्या मागच्या भागी गेले असतील तर दोषी बहुधा पिसू. ज्या कुत्र्याला पिसवेच्या लाळेचे वावडे असते त्याला दोन-चार चावेसुद्धा पुरतात, म्हणून अंगावर पिसू दिसली नाही तरी ती नाही असे समजू नये. बारीक दातांची फणी फिरवून निघालेली काळी पूड ओल्या पांढऱ्या कागदावर टाकावी. तिच्याभोवती तांबूस डाग पसरला तर ती पिसवेची विष्ठा, म्हणजे पचलेले रक्त. ध्यानात ठेवायची गोष्ट ही की, अंगावरच्या पिसवा म्हणजे घरातील पिसवांच्या फौजेची आघाडी तेवढी. अंडी, अळ्या आणि कोश हा मोठा भाग सतरंजीत, फटींत आणि कुत्र्याच्या अंथरुणात असतो. अंथरूण कढत पाण्यात धुवावे, फटी झाडाव्यात. घरात मांजर असेल तर कुत्र्याच्या मानेवर टाकायचे पिसवांचे औषध मांजराला कदापि लावू नये. त्यांतील काहींत परमेथ्रिन असते. कुत्र्याला ते सोसते, मांजर त्याने मरते.

आता न खाजणारे. चार-सहा महिन्यांचे पिल्लू, डोळ्यांभोवती, ओठांच्या कडेला किंवा पुढच्या पायावर टक्कल, आणि पिल्लू मजेत : हे डेमोडेक्स या कीटकाचे काम. हा विडीसारखा लांबट कीटक केसांच्या मुळाशी राहतो आणि बहुतेक सर्व निरोगी कुत्र्यांच्या अंगावर थोडाफार असतोच. जन्मल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत दूध पिताना तो आईकडून येतो. पिल्लाची प्रतिकारशक्ती कच्ची असताना तो वाढतो, आणि एक-दोन चट्टे असतील तर पुष्कळदा आपोआप बरे होतात. हा प्रकार माणसाला लागत नाही. "लूत" म्हणून जी पिल्ले रस्त्यावर सोडली जातात त्यांत यांचाही भरणा असतो, याचे वाईट वाटते. चट्टे अंगभर पसरले, त्यांत पू झाला, तर मात्र नेटाने औषध घ्यावे लागते. आणि प्रौढ कुत्र्याला हे पहिल्यांदाच झाले तर आत दुसरे काही बिघडले आहे काय, हे पाहावे.

गोल, कडा खवले धरलेले, तुटक्या केसांचे चट्टे असतील तर नायटा. ही बुरशी आहे. खाज असेल, नसेल. ही माणसाला लागते, विशेषतः कुत्र्याला कवटाळून झोपणाऱ्या मुलांना. तिचे बीजकण घरात वर्षभरही जिवंत राहू शकतात, म्हणून केस झाडून, गोळा करून टाकणे हाही औषधाचाच भाग समजावा.

शेवटी ग्रंथींचे रोग. वयात आलेले कुत्रे, दोन्ही कुशींवर सारखे टक्कल, शेपटी उंदरासारखी उघडी, वजन वाढते, उन्हाचा कोपरा सोडवत नाही : थायरॉइड ग्रंथी मंदावली असावी. रक्त तपासून रोजच्या गोळीने ते सुधारते. पाणी फार पिते, लघवी फार होते, पोट सुटले आहे, असे असेल तर मूत्रपिंडावरील ग्रंथींकडे पाहावे लागते.

औषधांबद्दल थोडे स्पष्ट बोलतो. जळके तेल विष आहे. कुत्रे अंग चाटते, आणि तेलातील घाण यकृतात व मूत्रपिंडात जाते. त्याने गुण येतो असे वाटते, कारण काही चट्टे तसेही बरे होणारच असतात. फिनेलची आंघोळही तशीच, कातडी भाजते. गंधकाचे मात्र तसे नाही. आजीबाईच्या बटव्यातील हे औषध खरे आहे. चुना-गंधकाचे सौम्य द्रावण पशुवैद्य आजही कीटकांवर आणि बुरशीवर वापरतात. मात्रा त्यांनी ठरवावी. औषधाच्या दुकानातून माणसांसाठी मिळणाऱ्या मिश्र मलमाच्या नळ्यांत बहुधा स्टिरॉइड असते. त्याने खाज दोन दिवस थांबते आणि नायटा व डेमोडेक्स दोन्ही फोफावतात.

नवी औषधे मात्र चांगली आहेत. जपानमधील सातोशी ओमुरा यांनी गोळा केलेल्या मातीतील एका जीवाणूपासून आयव्हरमेक्टिन निघाले. त्याबद्दल ओमुरा आणि विल्यम कॅम्बेल यांना २०१५ मध्ये नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. पण गुरांसाठीचे इंजेक्शन अंदाजाने कुत्र्याला टोचणे धोक्याचे. कॉली जातीच्या आणि तिच्या संकराच्या पुष्कळ कुत्र्यांत ते मेंदूत शिरून जीव घेते. हल्ली फ्लुरालॅनरसारखी चघळायची गोळी मिळते. पिसू, गोचीड, खरूज आणि डेमोडेक्स या चारींवर ती चालते. झटके येणाऱ्या कुत्र्याला ती देण्यापूर्वी वैद्याला अवश्य सांगावे.

रस्त्यावरच्या कुत्र्याला धरून आंघोळ घालणे आपल्याला जमणार नाही, पण गोळी जमते. दोन-तीन बाजूंनी त्याचे छायाचित्र घ्यावे, वजनाचा अंदाज करावा, आणि हे घेऊन पशुवैद्यकीय दवाखान्यात जावे. वैद्याने दिलेली गोळी उकडलेल्या अंड्यात घालून द्यावी आणि ती पोटात गेली की नाही, हे उभे राहून पाहावे. त्याच्याबरोबर झोपणाऱ्या इतर कुत्र्यांनाही द्यावी, नाहीतर खरूज फिरून येते. नुसत्या चपातीवर जगणाऱ्या कुत्र्याला केस उगवायला प्रथिने हवीत. अंडे चालूच ठेवावे. खाज थोड्या दिवसांत कमी होते, केस यायला मात्र महिना-दोन महिने लागतात. तेव्हा औषध लागू पडले की नाही, हे पहिले काही आठवडे केसांवरून नव्हे, कुत्रे रात्री स्वस्थ झोपते की नाही यावरून ठरवावे.