पुष्यातला निवांत दिवस

आषाढ सरत आला की महाडच्या बाजारपेठेत एखादा दिवस असा येतो, की सकाळचे दहा वाजून गेले तरी गल्ल्यावर भवानीची नाणी पडत नाहीत. पाऊस रात्रीपासून एका लयीत कोसळत असतो. खेड्यांवरून येणाऱ्या एस.टी.तून चार-दोन माणसे उतरतात, तीही दवाखान्याची किंवा तहसील कचेरीची. बाकी सारा गाव लावणीच्या चिखलात असतो. शेतकऱ्याला या दिवसांत बाजाराची आठवण होत नाही, आणि व्यापाऱ्याचीही त्याबद्दल तक्रार नसते. वर्षातून फार थोडे दिवस दुकानदाराला दिवसाउजेडी घरात बसायला मिळते. हा त्यांतला एक. खाली दुकान आणि वर घर अशी जुन्या पेठेची रचना असल्याने त्याला त्यासाठी फक्त एक जिना चढावा लागतो.

वर घरात वेगळीच लगबग असते. चातुर्मास सुरू झालेला असल्याने पालेभाजी बंद. त्यामुळे मूग, वाल, चवळी आणि कुळीथ यांच्यावर स्वयंपाकघराची भिस्त. कोकणात येऊन चार पिढ्या झालेल्या मारवाडी-गुजराती घरांतही कुळथाचे पिठले आणि तांदळाची भाकरी आता परकी राहिलेली नाही. खाखऱ्याचा आणि सुखडीचा काळ पावसाळ्यात पंधरा दिवसांवर येतो, म्हणून डब्यांवर तारखांच्या चिठ्ठ्या लागतात. महाडच्या दमट हवेत बुरशी धरायला पंधरा दिवसही लागत नाहीत, हे इथल्या गृहिणीला शास्त्राने सांगावे लागत नाही. पीठ दोनदा चाळायचे, डाळी निवडायच्या, पापड आणि मसाल्यांचे डबे चुलीशेजारच्या उबेला सरकवायचे. या कामांत दुपार होते. साधुसाध्वींनी पावसाळ्याचे चार महिने एका जागी राहावे हा नियम ओल्या वाटेवरच्या जीवांच्या रक्षणासाठी झाला. गृहस्थाला तो लागू नसला, तरी अशा दिवशी गृहस्थाचेही पाऊल आपोआप उंबऱ्याच्या आत राहते.

या दिवसाला एक अंतर्गत आवाज मात्र असतो, आणि तो बाहेरच्या माणसाला ऐकू येत नाही. घरातले थोरले माणूस दर तासा-दीड तासाने खिडकीशी जाते आणि नदीच्या दिशेला कान देते. पावसाचा जोर किती, याची त्याला फारशी फिकीर नसते. महाडवर पडणाऱ्या पावसाने महाड बुडत नाही, एवढे त्याला पक्के ठाऊक असते. त्याची नजर असते महाबळेश्वरवर.

सावित्री महाबळेश्वरच्या पठारावर उगम पावते. तिच्याबरोबरच्या कृष्णा आणि कोयना पूर्वेकडचे देश पाहायला जातात. ही एकदम पश्चिमेला कडा उतरते, पोलादपूरजवळून वाहते आणि महाडपाशी येते. तिथे रायगडाच्या बाजूने आलेले पाणीही काळ आणि गांधारी नद्यांतून तिला मिळते. पुढे दासगाववरून ती बाणकोटच्या खाडीला जाते. महाडपासून खाडीपर्यंत जमिनीला उतार फार थोडा आहे. एके काळी भरतीच्या पाण्यावर गलबते महाडच्या जवळ येत आणि त्याच व्यापारामुळे इथली पेठ वाढली. ज्या पाण्याने माल आणला, तेच पाणी पुराच्या दिवशी वाट अडवून उभे राहते. वरून घाटाचा लोंढा आणि खालून समुद्राची भरती यांची गाठ पडली की नदीला पसरण्यावाचून गत्यंतर उरत नाही. मग सुकट गल्ली आणि दस्तुरी नाक्याकडचा रस्ता हे आधी पाण्याखाली जातात, आणि त्यानंतर पेठेचा क्रम लागतो.

म्हणूनच महाडच्या जुन्या व्यापाऱ्याला तिथीचे गणित तोंडपाठ असते. किनाऱ्यावरच्या लोकांचा हा हिशेब सोपा आहे : तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. ही वेळ खाडीच्या तोंडाची. आत महाडपर्यंत भरतीचा दाब पोहोचायला त्याहून उशीर होतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे उधाण असते, हे वेगळे सांगायला नको. ज्या घरांत पंचांग आयंबिल-उपवासासाठी आणि पर्वतिथींसाठी रोज उघडले जाते, त्या घरांत ते पुरासाठीही उघडले जावे, यात नवल कसले? आता याच्या जोडीला मोबाईलवर नदीची पातळी येते. महाडला सावित्रीची इशारा पातळी ६ मीटर आणि धोका पातळी ६.५० मीटर आहे. पाणी पाच मीटरच्या पुढे सरकले, की निवांत दिवसाचे रूप पालटते.

शेतकऱ्यांनी पावसाला माणसांची नावे दिली आहेत. पुनर्वसूचा पाऊस ‘तरणा’, पुष्याचा ‘म्हातारा’. नावावरून म्हातारा पाऊस थकलेला, रेंगाळणारा वाटावा. महाड-पोलादपूरचा अनुभव उलटा आहे. जुलै २००५ मधल्या ज्या पावसात जुई, दासगाव, रोहन आणि कोंडिवते या गावांवर दरडी आल्या, तो पुष्याचा होता. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरचा इंग्रजांच्या काळातला पूल वाहून गेला आणि दोन एस.टी. गाड्या प्रवाशांसह नदीत गेल्या, तेव्हा पुष्य सरून आश्लेषा लागत होते. ती रात्र आषाढी अमावास्येची, उधाणाची होती. आणि २२ जुलै २०२१ चा गुरुवारही पुष्यातलाच.

त्या २०२१ च्या पुराविषयी महाडमध्ये आजही लोक हात छातीच्या वर नेऊन बोलतात. आदल्या दिवसापासून पाऊस होताच. महाबळेश्वरला त्या सुमारास चोवीस तासांत जवळजवळ ६०० मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. कित्येक जिल्ह्यांचा तो वर्षभराचा पाऊस आहे. पेठेला पाणी नवे नव्हते. पाणी येणार म्हणून लोकांनी नेहमीप्रमाणे माल खालच्या फळीवरून वरच्या फळीवर चढवला होता. वर्षानुवर्षांच्या अनुभवाने आखलेली ती उंची त्या दिवशी पुरली नाही. पाणी दुकाने गिळून जिन्यावर चढले, अनेक घरांत पहिल्या मजल्याला लागले. वीज गेली, फोन बंद पडले. लोक माळ्यांवर आणि गच्च्यांवर बसून राहिले. दुसऱ्या दिवशी आषाढ शुद्ध चतुर्दशी होती. चौमासी चौदशीचे प्रतिक्रमण ज्या दिवशी शांतपणे करायचे, त्या दिवशी पेठेतली कुटुंबे पाणी ओसरण्याची वाट पाहत होती.

पाणी ओसरल्यावर राहिला तो चिखल. धान्याची पोती फुगून उसवलेली, कापडाचे तागे चिखलात एकजीव झालेले, औषधे, खते, वह्या, संगणक, सारे एका रंगाचे. ज्यांची खतावणी वरच्या मजल्यावर होती त्यांना निदान कुणाकडून किती येणे आहे एवढे तरी सांगता आले. ज्यांची उधारी तळमजल्यावरच्या लाल वहीत होती, त्यांना गिऱ्हाइकाच्या प्रामाणिकपणावर विसंबावे लागले.

विम्याच्या बाबतीतही अनेकांना त्या वेळीच पॉलिसीचा कागद पहिल्यांदा नीट वाचावासा वाटला असणार. कर्ज देणारी बँक तारण मालाचा विमा उतरवते, म्हणून आपण निश्चिंत आहोत, असे पुष्कळ व्यापारी समजतात. बँकेचे हित कर्जाच्या रकमेपुरते असते. घरातले सामान, दुकानाचे फर्निचर किंवा बँकेला न कळवलेल्या दुसऱ्या गोदामातला माल त्या विम्यात येईलच, असे नाही. पॉलिसीवर मालाच्या जागेचा जो पत्ता असतो, त्याच पत्त्यावरच्या मालाला संरक्षण मिळते. गोदाम बदलले आणि पत्ता तोच राहिला, तर हप्ता भरूनही हात रिकामे राहतात. १ एप्रिल २०२१ पासून लहान उद्योग-व्यवसायांसाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी आली आहे. एका ठिकाणची एकूण मालमत्ता पाच कोटी रुपयांपर्यंत असेल तर ती घेता येते, पूर तिच्यात समाविष्ट असतो आणि विम्याची रक्कम खऱ्या किमतीपेक्षा पंधरा टक्क्यांपर्यंत कमी पडली तरी भरपाईला कात्री लागत नाही. घरासाठी त्याच धर्तीची ‘भारत गृह रक्षा’ आहे. गिऱ्हाईक नसलेल्या दिवशी हा कागद चष्मा लावून शेवटपर्यंत वाचणे, साठ्याची यादी ताजी करणे आणि तिची एक प्रत गावाबाहेरच्या नातलगाकडे पाठवणे, हे महाडकराने पत्त्यांच्या डावापेक्षा आधी उरकावे. पत्ते नंतर आहेतच.

पोलादपूरकडे सरकले की पावसाळी दिवसाची जात बदलते. मुंबई-गोवा महामार्गावरचे हे छोटे गाव आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी आहे. उमरठ, जिथे तानाजी मालुसऱ्यांची समाधी आहे, ते याच तालुक्यातले. तालुक्याचे खरे आयुष्य मात्र डोंगरउतारावरच्या वाड्यांतून चालते. कौलारू घर, पुढे पडवी, पडवीच्या उघड्या बाजूला पावसाची झड अडवणारे आडोसे, मागे गोठा आणि लाकडांची रास. लावणी संपलेली असेल तर अशा घरात दिवसभर करण्यासारखे थोडेच उरते. म्हातारी माणसे चुलीजवळ बसतात. आमसुले, मीठ, सुकी मिरची, नाचणी आणि तांदूळ यांची बेगमी मे महिन्यातच झालेली असते. पागोळ्यांचा आवाज इतका सलग असतो, की तो ऐकू येईनासा होतो आणि पाऊस क्षणभर थांबला तरच माणूस दचकून वर पाहतो. कर्ती मुले मुंबईत, सुरतेत, बडोद्यात. घर म्हणजे आजी-आजोबा, एखादी सून, शाळा बंद म्हणून घरी असलेली नातवंडे आणि दोन गुरे.

इथे कान नदीकडे नसतात. पाठीमागच्या डोंगराकडे असतात. २२ जुलै २०२१ च्या संध्याकाळी महाड तालुक्यातल्या तळिये गावातली एक वाडी डोंगराखाली गेली. ऐंशीहून अधिक माणसे दगावली. वाचलेल्यांना पुढे बराच काळ कंटेनरच्या घरांत काढावा लागला. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यात साखर सुतारवाडी आणि केवनाळे येथेही दरडी कोसळून माणसे गेली. ही बहुतेक सारी माणसे त्या दिवशी घरी होती. एवढ्या पावसात कुणीही असते, तशीच.

डोंगर पूर्वसूचना अजिबात देत नाही, असे नाही. परड्याच्या वरच्या अंगाला जमिनीत नवी भेग दिसते. कधीच पाणी नसलेल्या जागी अचानक झरा फुटतो, किंवा नेहमीचा नितळ ओहोळ एकाएकी लाल गढूळ होतो. कधी तो भर पावसात आटतो, आणि ते अधिक वाईट. झाडे आणि विजेचे खांब कलतात. कालपर्यंत सहज लागणारे दार चौकटीत अडकू लागते. पावसाने लाकूड फुगले म्हणून दार अडकते, हे प्रत्येकाला माहीत असते, आणि त्यामुळेच या खुणेकडे दुर्लक्ष होते. आता धोक्याच्या वाड्यांची यादी झालेली आहे. जोराच्या पावसाचा इशारा आला की ग्रामसेवक किंवा पोलीस पाटील येऊन रात्रीपुरते शाळेत किंवा सुरक्षित जागी चला म्हणून सांगतात. आजीला ते पटत नाही. गुरे कोण बघणार, चूल कोण राखणार, आणि इतकी वर्षे डोंगर हलला नाही तो आजच कसा हलेल, हे तिचे प्रश्न. त्यांतला गुरांचा प्रश्न खरा आहे आणि त्याची सोय झाल्याशिवाय माणसे घर सोडणार नाहीत, हे यंत्रणेने जितके लवकर ओळखावे तितके बरे.

महाडच्या पेठेतही २०२१ नंतर काही सवयी बदलल्या. नदीतला गाळ उपसण्याचे काम झाले, आणि पावसाळ्यात नगरपालिकेच्या भोंग्याकडे आता कुणी हसून पाहत नाही. कित्येक दुकानांत पुष्य नक्षत्र संपेपर्यंत खालच्या दोन फळ्या रिकाम्या ठेवतात. गिऱ्हाईक विचारते, माल कमी का दिसतो? माल माळ्यावर आहे, असे उत्तर मिळते, आणि नोकर शिडी लावतो. विक्रीला त्याने थोडा उशीर होतो. लग्नाच्या अल्बमपासून जमिनीच्या सात-बारापर्यंतचे कागद प्लॅस्टिकच्या पेटीत बंद होऊन वरच्या खोलीत गेले आहेत.

सूर्यास्ताच्या आधी जेवणे उरकतात. चौविहार करणाऱ्या घरांत त्यानंतर चूल विझते आणि लवकर शांतता पसरते. पातळी अजून पाचच्या आत आहे, असे कुणीतरी फोनवरून वाचून दाखवते. इकडे पोलादपूरच्या वरच्या वाडीत वीज दुपारपासूनच गेलेली असते. सूनबाई मोबाईल चुलीपासून दूर, कोरड्या कोनाड्यात ठेवते. त्यात थोडाच चार्ज उरलेला असतो आणि तो राखायचा असतो. मुंबईचा फोन आठच्या सुमारास येतो, कारण रात्री उशिरा रेंज राहीलच याचा भरवसा नाही. मुलगा पहिला प्रश्न पावसाचा विचारत नाही. “आई, ओहोळाचं पाणी कसं आहे?” एवढेच विचारतो, आणि आजी कंदील घेऊन पडवीच्या टोकाशी जाऊन बघून येईपर्यंत फोन धरून थांबतो.