खेळ आणि घड्याळ : डावपेचांच्या संगणक-खेळांतील वेळेचा हिशेब



स्मृती-व्याख्यानासाठी मी ‘व्हिडिओ गेम’ हा विषय कळविला, तेव्हा संयोजकांनी माझे पत्र दोनदा वाचले असावे. हा विषय का घेतला, ते आधी सांगितले पाहिजे.

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण येथे जमतो, ते शाळा सुटल्यावर व्हरांड्यात बुद्धिबळाचा पट मांडीत, हे आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. सौंसरकडची मुले शेवटच्या गाडीची वेळ होईपर्यंत थांबत, गावातली मुले त्याहून जास्त. नियम एकच, पण कडक : दिवेलागण झाली की पट उचलायचा. डाव कितीही रंगात असो. उरलेली मोहरी कुठे होती ते गुरुजी वहीत टिपून ठेवीत आणि दुसऱ्या दिवशी डाव तेथूनच पुढे सुरू होई. तो नियम आम्हाला त्या वेळी जाचक वाटे.

गेल्या पोळ्याला माझा नातू नागपूरहून पांढुर्ण्याला आला होता. तो ‘सिव्हिलायझेशन’ नावाचा खेळ संगणकावर खेळतो. ज्या ‘स्टीम’ नावाच्या दुकानातून हे खेळ घेतात, ते दुकान प्रत्येक खेळावर किती तास घालविले याची नोंद ठेवते. पडद्यावर आकडा होता १,०४६. मी त्याला बोललो, आणि जरा जास्तच बोललो. त्याने सारे ऐकून घेतले. मग म्हणाला, “आबाजी, तुम्ही तास मोजले. तासात काय होतं ते पाहिलं का?” मी पाहिले नव्हते. त्यानंतर काही महिने मी ते पाहिले, वाचले, थोडे खेळूनही पाहिले. त्याचा हा वृत्तांत आहे.

प्रथम आकड्याचे वजन. शिक्षणाच्या हक्काच्या २००९ च्या अधिनियमाने सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी वर्षाला किमान २२० दिवस आणि १,००० तास अध्यापन ठरविले आहे. म्हणजे माझ्या नातवाने एका खेळाला सातवीचे एक संपूर्ण वर्ष दिले होते : गणित, विज्ञान, भाषा, भूगोल, सारे विषय धरून. रोज दोन तास खेळले तरी हजार तासांना ५०० दिवस लागतात. ही गोष्ट किरकोळ नाही. आणि या खेळांच्या जगात हजार तास म्हणजे फार असेही नाही. जाणते खेळाडू तो आकडा उमेदवारीचा समजतात.

आता हे खेळ आहेत तरी काय? गोळ्या झाडण्याचे किंवा गाड्या पळविण्याचे खेळ वेगळे. डावपेचांच्या खेळात हातापेक्षा हिशेबाला महत्त्व असते : धान्य, लाकूड, सोने जमवायचे, ते शेतीवर खर्चायचे की सैन्यावर, हे ठरवायचे, शत्रू काय करीत असेल याचा अदमास घ्यायचा. कल्पना जुनी आहे. प्रशियाच्या सैन्यात १८२४ पासून अधिकाऱ्यांना नकाशावरील युद्धखेळ शिकविला जात असे, आणि आपला सारीपाट व बुद्धिबळ त्याहून कितीतरी जुने. संगणकावर सिड मायर यांचा ‘सिव्हिलायझेशन’ १९९१ मध्ये आला. त्याच्या रचनेत त्यांना साथ देणारे ब्रूस शेली पुढे १९९७ च्या ‘एज ऑफ एम्पायर्स’मध्ये होते, आणि आपल्याकडील सायबर कॅफेच्या काळात मुलांच्या तोंडी हेच दुसरे नाव असे. २००९ च्या ‘एम्पायर : टोटल वॉर’मध्ये तर मराठ्यांचे राज्य खेळायला घेता येते. तो खेळ १७०० साली सुरू होतो. इतिहासात त्याच वर्षी राजाराम महाराज गेले आणि ताराबाईंनी कारभार हाती घेतला; इकडे आपल्या मुलखावर देवगडच्या बख्त बुलंदाचे राज्य होते आणि नागपूर शहर वसायला अजून दोन वर्षे होती. एखाद्या मुलाने तो खेळ खेळून ग्रँट डफ उघडला, तर मी त्याचे काही तास माफ करीन.

परंतु नातवाचा प्रश्न इतिहासाचा नव्हता, वेळेचा होता. हे खेळ जवळून पाहिल्यावर मला जाणवले की त्यांच्यातला खरा भेद विषयाचा नसून घड्याळाचा आहे. घड्याळ कोणाच्या हातात आहे, यावर तो खेळ माणसाचा किती वेळ घेणार हे ठरते.

बुद्धिबळाने हा प्रश्न फार पूर्वी सोडविला. एके काळी चालीला वेळेचे बंधन नसे. प्रतिस्पर्धी कंटाळून चुकेल या आशेने खेळाडू बसून राहत. १८६१ मध्ये अँडरसन आणि कोलिश यांच्या सामन्यात वाळूची घटिकायंत्रे ठेवण्यात आली आणि १८८३ च्या लंडन स्पर्धेत दोन तबकड्यांचे घड्याळ आले. तेव्हापासून विचार करण्याचा काळ हीच खेळाडूची पुंजी झाली. ती त्याने कुठे खर्चायची, हाही डावपेचच. नागपूरच्या दिव्या देशमुख यांनी जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातील बातुमी येथे महिला विश्वचषक जिंकला आणि त्या भारताच्या ८८ व्या ग्रँडमास्टर झाल्या, हे आपण अभिमानाने वाचले. कोनेरू हंपी यांच्याशी झालेल्या त्या अंतिम लढतीतील दोन संथ डाव बरोबरीत सुटले होते. निकाल लागला तो जलद डावांत. त्यांनी लहानपणापासून या खेळाला दिलेले तास माझ्या नातवाच्या तासांपेक्षा खचितच अनेक पटींनी जास्त असतील. म्हणून केवळ तास मोजून निवाडा देता येत नाही, हे मला मान्य करावे लागले.

‘एज ऑफ एम्पायर्स’ बुद्धिबळाच्या बाजूने झुकतो. येथे पाळी नसते. दोघेही एकाच वेळी चाली करतात. एक सामना बहुधा तासाच्या आत संपतो आणि कोणीतरी हरतो. धान्य साठवून ठेवणारा हरतो, योग्य वेळी खर्च करणारा जिंकतो, ही गोष्ट मला आपल्या व्यापारी मित्रांना सांगावीशी वाटली. अर्थात एक सामना संपला की दुसरा लावायला कळ एकच दाबावी लागते.

‘सिव्हिलायझेशन’ची गोष्ट निराळी. इसवी सनापूर्वी ४००० पासून आरंभ. एक पाळी तुमची, एक इतरांची. घड्याळ नाहीच, हवा तेवढा विचार करा. काही आवृत्त्यांत साधारण वेगाचा डाव ५०० पाळ्यांचा असतो. एका पाळीला एकच मिनिट धरले तरी आठ तास वीस मिनिटे. पण ओढ पाळ्यांच्या संख्येत नाही, त्यांच्या रचनेत आहे. एका नगरातील धान्यकोठार तीन पाळ्यांत पुरे व्हायचे असते, चाकाचा शोध पाच पाळ्यांत लागायचा असतो, सीमेवरचा स्वार दोन पाळ्यांत पोहोचायचा असतो. ही सारी कामे एकाच पाळीत कधीच पुरी होत नाहीत. कोठार झाले तोवर शोध दोन पाळ्यांवर आलेला असतो. शोध लागला तोवर स्वारापुढे शत्रू उभा. उठण्याजोगी जागाच सापडत नाही. इंग्रजी खेळाडूंत ‘आणखी एकच पाळी’ ही म्हण या खेळावरूनच रूढ झाली. मी स्वतः एका रात्री साडेनऊला बसलो आणि दूधवाल्याची घंटा ऐकून उठलो. पंचाहत्तरीच्या माणसाने हे कबूल करणे बरे दिसत नाही, पण या विषयात माझा तेवढाच अनुभव आहे.

तिसरा प्रकार मात्र मला चिंतेचा वाटतो, आणि आपल्या दोन्ही तालुक्यांत, बसस्थानकावर, पानठेल्यावर, मुलांच्या हातात दिसतो तो हाच. कारण त्याला संगणक लागत नाही, मोबाइल पुरतो. ‘क्लॅश ऑफ क्लॅन्स’ हा फिनलंडच्या ‘सुपरसेल’ कंपनीचा खेळ २०१२ मध्ये आला. त्यात तुमचे एक गाव असते. आरंभी तोफ, खाण काही सेकंदांत वा मिनिटांत उभी राहते. पुढे त्याच कामाला तास लागतात, मग दिवस. तेवढे थांबायचे नसेल तर हिरवी रत्ने खर्चून काम तत्काळ पुरे करता येते, आणि रत्ने खऱ्या पैशाने विकत मिळतात. म्हणजे कंपनी प्रथम वाट पाहायला लावते आणि मग ती वाट टाळण्याची किंमत घेते. तुम्ही झोपलेले असताना दुसरा तुमच्या गावावर स्वारी करू शकतो. टोळ्यांच्या युद्धात एक दिवस तयारीचा, एक दिवस लढाईचा. प्रत्येकाच्या वाट्याला दोन हल्ले, आणि ते न करणारा सोबत्यांच्या रोषास पात्र होतो. हा खेळ एका बैठकीत फार वेळ घेत नाही. तो दिवसभर दहा-पंधरा वेळा हाक मारतो, म्हणून पालकांना तास दिसतच नाहीत. आणि तो जिंकून संपत नाही.

वाट पाहण्याला माझा आक्षेप नाही. संत्र्याचे कलम लावून चार-पाच वर्षे फळाची वाट पाहणाऱ्यांच्या मुलखात आपण राहतो. आंबिया बहारासाठी बागेला ताण द्यायचा, पाणी कधी तोडायचे आणि कधी सोडायचे हे ठरवायचे, हा तर अस्सल डावपेच. परंतु ती वाट झाडाच्या धर्मानुसार असते. कोणी ती आपली अधीरता विकण्यासाठी आखलेली नसते.

या खेळांनी बुद्धीला लाभ होतो काय, असे मला नेहमी विचारतात. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, फारसे खेळ न खेळणाऱ्या तरुणींना ४० तास ‘स्टारक्राफ्ट’ हा डावपेचांचा खेळ खेळविण्यात आला आणि दुसऱ्या गटाला ‘सिम्स’ हा घरसंसाराचा खेळ. पहिल्या गटात विचार झटपट वळविण्याची क्षमता अधिक वाढलेली आढळली. माझ्या नातवाने हा निष्कर्ष मोठ्या आनंदाने ऐकला. मी त्याला एवढेच दाखवून दिले की प्रयोग ४० तासांचा आहे. पुढच्या हजार तासांबद्दल तो काही सांगत नाही.

दुसऱ्या टोकाला आजाराचा प्रश्न. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत ‘गेमिंग डिसऑर्डर’ ही व्याधी समाविष्ट झाली. ती आवृत्ती २०१९ मध्ये स्वीकारली गेली आणि १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली. खेळावर ताबा न राहणे, इतर साऱ्या गोष्टींपेक्षा खेळाला अग्रक्रम मिळणे, नुकसान दिसत असूनही खेळणे चालूच राहणे, आणि हे सामान्यतः वर्षभर टिकणे, ही तिची लक्षणे. त्या व्याख्येत तासांचा आकडा कुठेही नाही. बंगळूरच्या ‘निमहान्स’मध्ये अशा रुग्णांसाठी २०१४ पासून स्वतंत्र चिकित्सालय आहे, ज्यांच्या घरी खरोखर अशी वेळ आली असेल त्यांनी संकोच न करता डॉक्टरांकडे जावे, ओरडून हा आजार जात नाही.

सरकारांनी घड्याळ आपल्या हाती घेऊन पाहिले आहे. दक्षिण कोरियाने २०११ मध्ये सोळा वर्षांखालील मुलांना मध्यरात्रीपासून सकाळी सहापर्यंत ऑनलाइन खेळ बंद केले, आणि दहा वर्षांनी तो कायदा मागे घेण्याचे ठरविले. चीनने २०२१ मध्ये अल्पवयीनांना शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुट्टीच्या दिवशी रात्री आठ ते नऊ एवढाच तास दिला. आपल्याकडे २०२५ च्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली आणि ई-स्पोर्ट्सना मान्यता मिळाली. पण त्या बंदीचे कारण पैसा आहे, वेळ नव्हे.

बंदीचे काय होते हे पांढुर्णेकरांना सांगायला नको. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीत पळसाचे झाड रोवले जाते आणि पांढुर्णा व सावरगाव यांच्यात गोटमार होते. माणसे दगावली आहेत, दरवर्षी शेकडो जखमी होतात; प्रशासनाने आदेश काढले, दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले. गोटमारीचे समर्थन मी करणार नाही. पण नातवाबरोबर त्या दिवशी गच्चीवरून तो कोलाहल ऐकताना एक गोष्ट मनात आली. हा भयंकर खेळही झेंडा पडला की संपतो, आणि त्यानंतर वर्षभर कोणी कोणाला दगड मारीत नाही.

त्याच संध्याकाळी मी त्याला गुरुजींच्या वहीची गोष्ट सांगितली. त्याने लक्ष देऊन ऐकली. हा खेळही डाव जतन करून ठेवतो, हवा तेव्हा तेथूनच पुढे चालू करता येतो, असे तो म्हणाला. गुरुजींची वही त्यात आहेच. मग मी विचारले, “पण तुझा हा डाव संपतो कधी?”

“जिंकलो की संपतो, आबाजी.”

“आणि जिंकल्यावर?”

तो हसला. त्याने जुना एक डाव उघडून दाखविला. विजयाचे चित्र आले, वाद्ये वाजली, आणि पडद्यावर एक कळ उमटली. तीवर इंग्रजीत लिहिले होते : आणखी एकच पाळी. बाहेर दिवे लागले होते. त्याने माझ्याकडे पाहिले, क्षणभर थांबला, आणि संगणक बंद करण्याआधी डाव जतन केला.