हेडफोन घेताय? आधी घराचा आवाज ऐका

घरात टीव्ही एकच होता तेव्हा भांडणे कार्यक्रमावरून व्हायची. आता ज्याच्या त्याच्या हातात वेगळा पडदा आहे आणि भांडणे आवाजावरून होतात. आजोबांना रात्री भीमसेन जोशींचा दरबारी ऐकायचा असतो, आईला दिवसभराची कामे आटोपून एखादा चित्रपट बघायचा असतो, मुलाचा गेम तर ऐन रंगात आलेला असतो. तिघांचेही खरे असते आणि खोल्या मात्र दोनच असतात.

चंडीगडला बदलीवर आलेल्या मराठी कुटुंबांना हा प्रश्न जरा अधिकच जाणवतो. कुणी सैन्यात, कुणी हवाई दलात, कुणी बँकेत, तर कुणी पीजीआयमध्ये नोकरीला असते. दर तीन-चार वर्षांनी बिऱ्हाड हलवायचे, तर मोठमोठे स्पीकर कोण बांधत बसणार? सरकारी क्वार्टरच्या भिंतीपलीकडे शेजारीही असतातच. अशा वेळी एक चांगला हेडफोन घ्यावा, तोच संगीताला, चित्रपटाला आणि गेमलाही चालावा, असा विचार पुढे येतो. चौकशीला निघाले की कुणीतरी जाणकार सांगतो, ‘ओपन-बॅक घ्या. त्या पैशात तसा आवाज दुसऱ्या कशात मिळणार नाही.’

सल्ला बहुधा बरोबर असतो, पण अर्धाच असतो. ओपन-बॅक हेडफोन फायद्याचा ठरेल की नाही, हे त्याच्या किमतीपेक्षा तो कोणत्या खोलीत वापरला जाणार यावर ठरते.

पाठीला जाळी असलेला हेडफोन

चंडीगडच्या जुन्या सरकारी घरांना विटांच्या जाळ्या दिसतात. १९५०च्या दशकात पिअर जानरे, मॅक्सवेल फ्राय आणि जेन ड्रू या वास्तुशिल्पींनी ही घरे आखली, तेव्हा उन्हाला अडवावे पण वाऱ्याला वाट द्यावी, असा त्या जाळ्यांमागे विचार होता. ओपन-बॅक हेडफोनची रचना काहीशी अशीच आहे.

हेडफोनच्या प्रत्येक वाटीत एक पातळ पडदा कंप पावतो. तो जितका आवाज कानाकडे ढकलतो, तितकाच पाठीमागेही ढकलतो. साध्या, म्हणजे बंद हेडफोनमध्ये मागचा आवाज वाटीत कोंडला जातो आणि भिंतीवर आपटून थोडासा पुन्हा पुढे येतो. त्यामुळे आवाजाला कधी कधी डब्यात बोलल्यासारखा घुमारा येतो. ओपन-बॅकमध्ये वाटीच्या पाठीला जाळी असते. मागचा आवाज त्या जाळीतून निघून जातो. गाणे डोक्याच्या आत अडकल्यासारखे न वाटता आजूबाजूला पसरल्यासारखे वाटते. कानाला हवा लागत असल्याने तासभर घातला तरी कान फारसे तापत नाहीत.

ही कल्पना नवी नाही. तेव्हाच्या पश्चिम जर्मनीतील सेनहायझर कंपनीने १९६८ मध्ये एचडी ४१४ नावाचा हलका, पिवळ्या स्पंजच्या गाद्यांचा हेडफोन बाजारात आणला. हा जगातला पहिला ओपन-बॅक हेडफोन मानला जातो. तो इतका लोकप्रिय झाला की त्याची विक्री पुढे कोटीच्या घरात गेली.

जाळी दोन्हीकडून उघडी असते

जाळीतून वारा आत येतो तशी धूळही येते. ओपन-बॅकमधून आवाज बाहेर जातो आणि बाहेरचा आवाजही आत येतो. शेजारी बसलेल्या माणसाला गाण्याचे शब्दसुद्धा कळू शकतात. म्हणून खरेदीपूर्वी तीन प्रश्न स्वतःला विचारावेत.

पहिला, त्याच खोलीत दुसरे कुणी झोपते किंवा अभ्यास करते का? पंजाब विद्यापीठाजवळच्या सेक्टर १५मध्ये एका खोलीत दोघे-तिघे राहणाऱ्या विद्यार्थ्याने ओपन-बॅक घेतला, तर त्याचा गेम सगळ्या खोलीचा गेम होईल. त्याने बंद हेडफोनच घेतलेला बरा.

दुसरा, खोलीत पंखा किंवा कूलर किती आवाज करतो? मे-जूनमध्ये चंडीगडचा पारा चाळिशी ओलांडतो आणि कूलरची घरघर दिवसरात्र चालू असते. ओपन-बॅक ती घरघर अडवत नाही. मग ऐकणारा आवाज वाढवत जातो आणि ते कानांना घातक ठरते. डिसेंबर-जानेवारीच्या धुक्याच्या रात्री मात्र पंखे बंद असतात, रस्ते सामसूम असतात. तेव्हा हाच हेडफोन आपले खरे रूप दाखवतो. ज्यांच्या घरी वर्षातले सहा महिने कूलर चालतो, त्यांनी हा हिशेब आधीच करावा.

तिसरा, हेडफोन घालूनही घरातल्या हाका ऐकू याव्यात असे वाटते का? लहान मूल, आजारी सासूबाई, दाराची घंटा, गॅसवरचा कुकर या सर्वांकडे एक कान ठेवावा लागणाऱ्या गृहिणीला ओपन-बॅकचा हा ‘दोष’ गुणच वाटेल. गेम खेळणाऱ्या मुलाला जेवायला चार वेळा बोलवावे लागणार नाही, हेही काही थोडे नाही.

संगीत, चित्रपट आणि गेम

तिन्ही कामांसाठी एकच हेडफोन चालतो, पण प्रत्येक ठिकाणी त्याचा कस वेगळा लागतो.

संगीतात ओपन-बॅकचा हात धरणारे या किमतीत क्वचितच सापडते. शास्त्रीय गायन ऐकताना तानपुऱ्याच्या तारा वेगवेगळ्या कळतात, हार्मोनियम गळ्यावर चढत नाही, गायकाचा श्वासही जाणवतो. उणीव असते ती अगदी खालच्या स्वरांत. डग्ग्याचा घुमारा ऐकू येतो, पण छातीत धडधडत नाही. भांगड्याच्या ढोलाची किंवा नाचाच्या गाण्यांची ज्यांना विशेष आवड आहे, त्यांना आवाज थोडा पातळ वाटू शकतो.

चित्रपटात संवाद स्वच्छ ऐकू येतात आणि पावसाचा, गर्दीचा आवाज मोकळा वाटतो. स्फोटांचा दणका मात्र थिएटरसारखा मिळणार नाही.

गेममध्ये पावलांची चाहूल कोणत्या बाजूने आली, हे ओळखणे महत्त्वाचे असते. त्यासाठी मोकळा आवाज उपयोगी पडतो. मात्र डब्यावरच्या ‘सेव्हन पॉइंट वन’ या शब्दांना भुलू नये. बहुतेक हेडफोनमध्ये प्रत्येक कानाला एकेकच पडदा असतो. मागून, पुढून आवाज आल्याचा भास गणिताने निर्माण केला जातो आणि ते काम गेम, कॉम्प्युटर किंवा गेमचे यंत्र करू शकते. विंडोज १० आणि त्यापुढच्या विंडोजमध्ये ‘सॉनिक’ ही सोय मोफत आहे. प्लेस्टेशन ५मध्येही अशी सोय साध्या हेडफोनसाठी दिलेली आहे. एका वेळी अशी एकच सोय चालू ठेवावी. दोन चालू केल्या की दिशा कळण्याऐवजी गोंधळ होतो.

संगीतासाठी बनवलेल्या हेडफोनला सहसा माइक नसतो. मित्रांशी बोलत खेळायचे असेल, तर कॉलरला लावायचा साधा माइक वेगळा घ्यावा. तो बिघडला तर एकटा बदलता येतो.

ओमचा अर्थ समजून घ्या

डब्यावर ‘३२ ओम’, ‘२५० ओम’ असे आकडे असतात. हा विजेला होणारा अडथळा आहे. आकडा मोठा म्हणजे दर्जा मोठा, असे मुळीच नाही. साधारणपणे मोठ्या आकड्याच्या हेडफोनला जास्त जोराचे यंत्र लागते. तीनशे ओमचा हेडफोन मोबाइलला जोडला तर आवाज मिणमिणता येण्याची शक्यता असते. मग अॅम्प्लिफायर घ्यावा लागतो आणि स्वस्तात मिळालेली वस्तू महाग पडते. मोबाइल, लॅपटॉप आणि गेमचे यंत्र एवढ्यावरच भागवायचे असेल, तर शंभर-सव्वाशे ओमच्या आतला हेडफोन पाहावा. मोबाइलला गोल भोक नसेल तर टाइप-सीचा छोटा जोड लागेल, तोही खर्चात धरावा.

काही परिचित नावे

कॉसचा पोर्टा प्रो हा १९८४पासून बनत आलेला घडीचा छोटा हेडफोन आहे. तो ६० ओमचा, हलका आणि कमी खर्चाचा असून मोबाइलवर सहज चालतो. त्याच्या स्पंजच्या गाद्या झिजल्या तर थोडक्या पैशात बदलता येतात. ओपन-बॅक आवडतो की नाही, हे अजमावायला तो चांगला. तो कानावर टेकतो, कान झाकत नाही.

एकेजीचा के २४० स्टुडिओ अर्धा उघडा आणि ५५ ओमचा आहे. त्याची वायर काढता येते. सेनहायझरचा एचडी ५६०एस २०२०मध्ये आला. तो १२० ओमचा असून त्याचा आवाज समतोल आहे. तिन्ही कामे एकाच हेडफोनवर करायची असतील, तर तो प्रथम ऐकून पाहावा. बायरडायनॅमिकच्या डीटी ९९० प्रोच्या गाद्या मखमली आणि आरामशीर आहेत, पण वरचे स्वर टोकदार आहेत. त्याचा २५० ओमचा प्रकार मोबाइलवर घेऊ नये आणि त्याची वायर सुटी होत नाही. सेनहायझरचा एचडी ६०० १९९७चा आहे. त्याच्या गाद्या, वायर, पट्टी असे भाग बदलता येत असल्याने तो वर्षानुवर्षे टिकतो, पण तो ३०० ओमचा आहे आणि किंमतही वरची. संगीताचा नाद असलेल्यानेच त्या वाटेला जावे.

स्वस्त काय आणि महाग काय

समजा, तीन हजारांचा हेडफोन दीड वर्षात मोडला, तर वर्षाला दोन हजार रुपये खर्च झाले. बारा हजारांचा हेडफोन आठ वर्षे चालला आणि मध्ये दोन हजारांच्या गाद्या घातल्या, तर वर्षाला साडेसतराशेच पडले. शिवाय आठही वर्षे चांगले ऐकायला मिळाले. म्हणून किमतीच्या चिठ्ठीआधी वायर सुटी होते का आणि गाद्या बदलता येतात का, हे पाहावे. गाद्या आणि वायर याच दोन गोष्टी आधी जातात.

डोक्याचेही माप असते. चष्मा वापरणाऱ्यांनी चष्म्यासकट घालून पाहावा. निदान पंधरा मिनिटे घातल्याशिवाय पट्टीचा दाब कळत नाही.

दुकानात गेल्यावर

सेक्टर २२च्या गजबजलेल्या बाजारात ओपन-बॅकची परीक्षा घेणे अवघड असते. बाहेरचा गलका आत येतो, दुकानदार आवाज वाढवतो, आणि मोठा आवाज नेहमीच जास्त चांगला वाटतो. दोन हेडफोनची तुलना करायची तर दोघांचा आवाज सारखा ठेवून करावी. शक्यतो सकाळी, गर्दी नसताना जावे. आपला मोबाइल आणि रोज ऐकतो ती गाणी सोबत न्यावीत. घरच्या माणसाला हातभर अंतरावर उभे करून बाहेर किती ऐकू येते, तेही विचारावे.

परदेशी मालाच्या डब्यावर आयात करणाऱ्याचे नाव-पत्ता आणि कमाल किरकोळ किंमत छापलेली असणे कायद्याने आवश्यक आहे. ती नसेल आणि भाव अविश्वसनीय वाटत असेल, तर माल नकली असू शकतो. पक्के बिल घ्यावे, वॉरंटी भारतात कोण देणार हे विचारून घ्यावे. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.

कान बदलून मिळत नाहीत

हेडफोनच्या गाद्या बदलता येतात, आतल्या कानातील आवाज टिपणाऱ्या नाजूक पेशी एकदा गेल्या की परत येत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांसाठी ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत सुरक्षित आहे. आवाज ९० डेसिबल झाला की ही मर्यादा ४ तासांवर येते. मुलांसाठी ४० तासांची मर्यादा ७५ डेसिबललाच लागू होते. गेमच्या आवाजासाठीही संघटनेने २०२५मध्ये वेगळे निकष जाहीर केले.

घरात डेसिबल मोजण्याचे यंत्र नसते, पण साधा नियम पाळता येतो. आवाज कमाल मर्यादेच्या ६० टक्क्यांच्या आत ठेवा. दर तासाला थोडा वेळ हेडफोन उतरवा. हेडफोन काढल्यावर कानात गुणगुण होत असेल किंवा घरचे बोलणे दबल्यासारखे वाटत असेल, तर आवाज जास्त होता असे समजा. गुणगुण थांबत नसेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवा.

खोली शांत आणि एकट्याची असेल, तर ओपन-बॅकवर खर्च केलेला पैसा अनेक वर्षे आनंद देईल. खोली भागीची असेल, कूलर सतत चालत असेल किंवा प्रवासात ऐकायचे असेल, तर बंद हेडफोन घ्या आणि त्यात कमीपणा मानू नका. बाजारात जाण्याआधी एका रात्री, ज्या वेळी ऐकणार त्या वेळी, ज्या खुर्चीत बसणार त्या खुर्चीत पाच मिनिटे नुसते बसून राहा. पंखा, कूलर, रस्ता, शेजारची झोपलेली माणसे यांचा अंदाज तिथेच येईल. कोणता हेडफोन घ्यायचा, याचे निम्मे उत्तर त्या पाच मिनिटांत मिळते आणि त्याला पैसे पडत नाहीत.