सेव्ह गेम कामी येत नाही तेव्हा

पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेडने २००७ साली काढलेला ‘द विचर’ मोठ्यांसाठीचा गेम आहे. रक्तपातामुळे नव्हे (तो आहेच!), तर त्यात ‘बरोबर उत्तर’ नसतं म्हणून.

सुरुवातीलाच बघा. नदीकाठी एका व्यापाऱ्याच्या पेट्या राखताना एल्फ बंडखोर येतात आणि माल मागतात. मी देऊन टाकला. कित्येक तासांनी, पुढच्या भागात, ज्याच्या मागावर होतो तो माणूसच त्यांच्या हातून मेलेला! आता इतकं मागचं सेव्ह कोण लोड करणार? नेहमी आपण वाईट झालं की लगेच लोड मारतो. इथे ती सोयच काढून घेतलीय, आणि मला हेच जाम आवडलं.

बाकी त्रास भरपूर. तेच तेच चेहरे, दलदलीतली फुकटची पायपीट, दाराआड गेलं की लोडिंग (२००८च्या एन्हान्स्ड एडिशनमध्ये ते बरंच कमी झालं).

पण खरं खटकतं ते वेगळंच. बाईबरोबर रात्र घालवली की बक्षीस म्हणून तिचं चित्रकार्ड मिळतं. एल्फांचा जीव इतक्या गंभीरपणे घेणाऱ्या गेममध्ये बायका मात्र क्रिकेटर्सच्या कार्डांसारख्या जमवायच्या? याला मॅच्युअर म्हणायला मी तयार नाही.